लहानपणीच्या थीम पार्कला पुन्हा जाताना: मुलं, आई-बाबा आणि लांबचा रस्ता

लहानपणी आई-बाबांनी ज्या थीम पार्कला गाडीने नेलं, तिथेच आता आपल्या मुलांना न्यावं, जमलं तर आई-बाबांनाही सोबत घ्यावं, असं पुष्कळांच्या मनात येतं. माझ्याही आलं. पहिल्या खेपेला मी सामान भरलं आणि निघाले. पोचल्यावर कळलं की ज्या राईडसाठी पाच तासांचा रस्ता कापला ती केव्हाच काढून टाकली होती. दुसऱ्या राईडला मुलगी उंचीत बसेना. दुपारनंतर बाबांचे गुडघे बोलायला लागले. परतताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. माणसं तीच, रस्ता तोच. ती सहल मुलं अजून सांगत असतात. मधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे पहिल्यांदाच असा बेत आखणाऱ्यांची एक खेप वाया जायला नको.

आधी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. जुनी सहल जशीच्या तशी परत मिळत नाही. तिच्यातली एकच गोष्ट निवडा, ती मनापासून पुन्हा करा, आणि उरलेला दिवस मुलांच्या हाती सोपवा. पहिल्या खेपेला मी सगळंच परत मागत होते.

१. आठवणी गोळा करा, पण प्रत्येकाला वेगळं गाठून

सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका. ज्याचा आवाज मोठा, त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. आई स्वयंपाकघरात असताना आईला विचारा, बाबांना फिरायला जाताना, भावंडांना फोनवर. प्रश्न साधे ठेवा: किती वाजता निघायचो? गाडीत कोण कुठे बसायचं? कुठे थांबायचो? परतताना काय झालं होतं?

माझ्या आठवणीत ती सहल म्हणजे पाण्यात धाडकन उतरणारी होडी. दादाला होडी आठवतच नव्हती, त्याला डॅशिंग कार आठवत होत्या. आणि बाबा म्हणाले, "मला राईड एकही आठवत नाही. तू झोपली होतीस, तुला खांद्यावर घेऊन मी त्या लांबच लांब पार्किंगमधून गाडी शोधत होतो. घरी आल्यावर पाहिलं तर तुझा एकच बूट." तो हरवलेला बूट मला माहीतच नव्हता. चाळीस वर्षं ती गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि कोणी विचारली नव्हती.

बाबांचा रस्त्यांचा नकाशाही याच शोधात सापडला. आठ घड्यांचा, कडा मऊ पडलेल्या, बाजूला पेन्सिलीने लिहिलेले किलोमीटरचे आकडे. पार्कचं गाव नेमकं दोन घड्या जिथे मिळतात तिथे होतं. दर वर्षी निघण्याआधी आम्ही दोघं भावंडं त्या गावावर बोट ठेवायचो. आता तिथे भोक पडलं आहे. बाकी सगळा नकाशा शाबूत, तेवढं गावच नाही.

फोटो हाती लागले तर मागची बाजू आधी बघा. बऱ्याच प्रिंट्सच्या मागे स्टुडिओने तारीख किंवा फिल्मचा क्रमांक छापलेला असतो. पुढच्या बाजूला माणसांपेक्षा पार्श्वभूमीकडे लक्ष द्या. पाटी, राईडचा रंग, मागचा मनोरा यावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. स्कॅन करणार असाल तर साध्या प्रिंटसाठी ६०० डीपीआय (इंचाला सहाशे ठिपके) पुरे होतं.

सापळा: चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. वर्षानुवर्षांत डिंक कागदाला धरून बसलेला असतो, फोटोचा कोपरा अल्बममध्येच राहतो. आधी आहे त्या जागी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मग दात साफ करायचा मेण नसलेला दोरा फोटोखालून करवतीसारखा हलक्या हाताने सरकवा. सुटत नसेल तर सोडून द्या.

२. जे आठवतं ते अजून आहे का, हे तपासा

पहिल्या खेपेला मी हीच पायरी गाळली होती. आपण घर सोडतो तशी पार्कंही जुन्या राईड सोडतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ला सुरू झालं. तिथे डोक्यावरून तारेवर जाणारे स्कायवेचे पाळणे १९५६ ते १९९४ अशी अडतीस वर्षं चालले आणि बंद झाले. १९६७ साली सुरू झालेला पीपलमूव्हर, म्हणजे उंच मार्गावरून संथ फिरणाऱ्या छोट्या गाड्यांची राईड, १९९५मध्ये थांबला. गाड्या गेल्या, पण त्यांचा उंचावरचा मार्ग पुढे कित्येक वर्षं तसाच उभा राहिला. खालून जाणारे लोक त्याच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगायचे, की इथून आम्ही जायचो.

काही वेळा पार्कच उरत नाही. जपानमधलं नारा ड्रीमलँड १९६१ साली उघडलं आणि २००६ साली बंद झालं. अमेरिकेतल्या ओहायोमधलं जिओगा लेक एकोणिसाव्या शतकापासून सहलीची जागा होतं, तिथल्या राईड २००७च्या हंगामानंतर थांबल्या.

याच्या उलटही घडतं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनचं टिव्होली १८४३ साली सुरू झालं. तिथला लाकडी रोलर कोस्टर १९१४चा आहे आणि त्याच्या प्रत्येक गाडीत ब्रेक लावणारा माणूस स्वतः बसतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा सायक्लोन हा कोस्टर १९२७चा आहे आणि अजून धावतो. आणि कधी राईड गाव बदलते. टेक्सासमधल्या एका बंद पडलेल्या पार्कचा १९४७चा लाकडी कोस्टर एक-एक फळी सुटी करून पेनसिल्व्हेनियातल्या कनोबेल्स पार्कमध्ये नेला गेला आणि १९८५ साली फिनिक्स या नावाने पुन्हा उभा राहिला. तुमची राईड जुन्या पार्कमध्ये नसेल तर ती मोडीत निघाली असं लगेच धरून चालू नका.

रोलर कोस्टर शोधायला रोलर कोस्टर डेटाबेस नावाची मोफत सूची आहे. १९९६पासून चालू आहे, जगभरातले चालू, बंद आणि हलवलेले कोस्टर तिच्यात सापडतात. बाकी राईडसाठी पार्कच्या संकेतस्थळावरचा आताचा नकाशा उघडा आणि तुमच्या जुन्या फोटोंशेजारी ठेवून बघा. शिवाय पार्कला फोन करून विचारा की आपण जाणार त्या तारखेला कोणती राईड दुरुस्तीसाठी बंद आहे का. गर्दी कमी असते त्या हंगामातच मोठ्या राईड दुरुस्तीला काढतात, त्यामुळे शांत दिवस निवडणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो.

हे झालं की ती एक गोष्ट निवडा. ती राईडच असायला हवी असं नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला पहाटे अंधारात निघणं निवडलं.

३. कोण येणार, आणि कोणाला काय झेपणार

मुलं किती मोठी असावीत? मोठेपणी माणसाला जे सगळ्यात जुनं आठवतं ते सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातलं असतं, त्याआधीचं बहुधा पुसलं जातं. म्हणून दोन वर्षांच्या बाळाला नेऊच नये असं मी म्हणत नाही, त्या दिवसाचा आनंद त्या दिवशी खराच असतो. पण ही सहल मुलांच्या लक्षात राहावी अशी मनापासून इच्छा असेल, तर थोडं थांबा. माझ्या अनुभवात सहा ते दहा हे वय सोन्यासारखं. उंची पुरते, पाय चालतात, आणि आजोबांचा हात धरायला अजून लाज वाटत नाही.

उंचीचं मात्र घरीच पक्कं करा. मोठ्या राईडना १०२, १२२, १३७ सेंटिमीटर अशा मर्यादा ठिकठिकाणी असतात, नेमका आकडा राईडगणिक वेगळा. यात घासाघीस चालत नाही, चालूही नये. कमरेवरचा दांडा किंवा खांद्यावरून येणारी पकड ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते, त्याहून लहान शरीर तिच्यातून निसटू शकतं. बुटात जाड तळवा घालून उंची वाढवायचा विचारही करू नका.

आमच्या पहिल्या खेपेचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. फाटकाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी, तिच्या टोकाला आडवा दांडा. मुलगी टाचा जोडून, मान ताणून, श्वास रोखून उभी राहिली. दांडा तिच्या केसांच्याही वर दोन बोटं राहिला. त्या माणसाने वाकून तिला हळू आवाजात सांगितलं. पाच तास गाडीत मी तिला याच राईडच्या गोष्टी सांगत आले होते. तिने रडू आवरलं, ते जास्त लागलं. दुसऱ्या खेपेला आम्ही आधी घरच्या दारावर पेन्सिलीने खूण केली, पार्कच्या यादीशी ताडून पाहिलं, आणि तिला बसता येईल त्याच राईडची नावं गाडीत घेतली.

आई-बाबांसाठी वेगळी यादी करा. हृदयविकार, पेसमेकर, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर बहुतेक जोरदार राईडच्या पाटीवर मनाई लिहिलेली असते. गरोदर बाईलाही तीच मनाई. डॉक्टरांना राईडचं नाव सांगून उपयोग नाही, 'मानेला झटके बसतात', 'गोल फिरते', 'उंचावरून पडते' असं सांगून विचारा. मोठ्या पार्कमध्ये दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं. चाकाची खुर्ची भाड्याने मिळते का, ती आधी राखून ठेवता येते का, हे विचारून ठेवा. बाबांना खुर्ची सुचवताना मी फार चाचरत होते. ते म्हणाले, "खुर्चीत बसून दिवसभर तुमच्याबरोबर राहता येत असेल तर आण की." मीच उगाच दोन वर्षं अडून राहिले होते.

४. दिवस आणि मुक्काम

मुलांच्या शाळेला सुट्टी आहे त्या दिवशी सगळ्यांच्याच मुलांना सुट्टी असते. आठवड्याच्या मधल्या वारी जाता आलं तर रांगा निम्म्याने हलक्या वाटतात.

लांबचा प्रवास करून त्याच दिवशी पार्क, आणि त्याच रात्री परत, हे करू नका. आमच्या लहानपणी बाबा हे करायचे. आता त्यांना विचारलं तर ते सांगतात की परतीच्या शेवटच्या तासात डोळे उघडे ठेवायला त्यांना फार त्रास व्हायचा, आणि आम्हाला त्याचा पत्ता नसायचा. आदल्या दिवशीच पार्कजवळ पोचा, रात्री झोपा, सकाळी ताजेतवाने आत जा, रात्री तिथेच राहा आणि तिसऱ्या दिवशी सावकाश परत या.

तिकीट पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधताना वर दिसणारा पहिला दुवा पार्कचाच असतो असं नाही. फार स्वस्त तिकीट देणारा अनोळखी विक्रेता दिसला तर पैसे भरू नका. पाऊस आला किंवा आजारपण आलं तर तारीख बदलून मिळते का, हे पैसे भरण्याआधी वाचा.

५. गाडीची तयारी

निघण्याच्या आदल्या दिवशी गॅरेजला नेऊ नका, आठवडाभर आधी न्या. काही निघालं तर सुटा भाग मागवायला वेळ हवा.

टायर स्वतः बघा. टायरच्या कडेला डीओटी (DOT) या अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार आकडे म्हणजे तो कधी बनला त्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असलेला टायर अनेक देशांत कायद्यानेच बाद आहे, आणि पावसाळी रस्त्यावर त्याआधीच बदललेला बरा. हवा टायर थंड असताना भरा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तिथे बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा, एक भरलेल्या. सहा माणसं आणि डिकीभर सामान असताना दुसरा धरा. स्टेपनीतली हवा बघायची राहून जाते, आणि ऐन वेळी तीच बसलेली निघते.

ब्रेक, कूलंट, वायपर, पुढचे-मागचे दिवे, एसी. यातलं काही पुढे ढकलू नका.

मुलांच्या सीटबद्दल हट्ट धरा. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, लहान मुलाच्या तो गळ्यावर आणि पोटावर येतो. युरोपीय संघाच्या नियमात १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत, देशानुसार, मुलांना त्यांच्या मापाची सीट लावावी लागते. आपल्या देशाचा नियम ढिला असला तरी मुलाचं हाड तेच असतं. आम्ही लहानपणी मागच्या काचेखालच्या फळीवर आडवे पडून प्रवास केला. ती आठवण गोड आहे, पण ती पुन्हा करायची गोष्ट नाही.

६. कागदपत्रं आणि सोबत घ्यायचं सामान

कागद एका जाड पाकिटात, समोरच्या खणात:

- गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा परवाना. दुसऱ्या देशात चालवणार असाल तर तिथे चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना
- गाडीचं नोंदणीपत्र आणि विमा. रस्त्यात बंद पडल्यास मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून
- सगळ्यांची ओळखपत्रं, मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या वयाचा पुरावा (सवलतीचं तिकीट असेल तर फाटकावर मागतात)
- तिकिटं आणि मुक्कामाच्या बुकिंगची छापील प्रत
- ज्यांना रोजची औषधं आहेत त्यांच्या औषधांची चिठ्ठी

गाडीत हाताशी: जॅक, पाना, जंपर केबल, टॉर्च, धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी, प्यायचं पाणी लागेल त्याहून दुप्पट, ओले रुमाल, उलटीसाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या, प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जोड डिकीच्या तळाशी न टाकता वर. फोनमध्ये रस्त्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवा, रेंज नसताना तो लागतो. आणि एक कागदी नकाशाही घ्या. फोनवरचा बाण फक्त पुढचं वळण सांगतो. कागदावर मुलांना अख्खा रस्ता दिसतो, अजून किती उरलं ते त्यांना स्वतःला बोटाने मोजता येतं, आणि 'आलं का?' हा प्रश्न खरोखर कमी होतो.

पार्कसाठी वेगळी छोटी पिशवी: चालून मुरलेले बूट (नवे कोरे अजिबात नकोत), टोपी, पातळ रेनकोट, पॉवर बँक, रिकामी पाण्याची बाटली.

७. रस्ता

गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर झोप दोन वेळा जास्त येते: मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चारच्या सुमारास. पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्री लवकर झोपलंच पाहिजे. ब्रिटनच्या रस्त्यांच्या नियमपुस्तकात दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटं थांबा असं सांगितलं आहे. आम्ही तेच धरून चालतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही, थोडी लपते. पापणी जड झाली की बाजूला थांबून वीस मिनिटं डोळे मिटा.

मुलांना गाडी लागते ती का, हे कळलं की उपाय आपोआप सुचतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो की आपण हलतो आहोत, आणि पुस्तकावर किंवा पडद्यावर खिळलेले डोळे म्हणतात की सगळं स्थिर आहे. या भांडणातून मळमळ होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना याचा त्रास सगळ्यात जास्त. म्हणून वळणाच्या रस्त्यावर मोबाईल आणि पुस्तक बंद, नजर लांब क्षितिजावर, काचेतून थोडी ताजी हवा, पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही.

एक गोष्ट कधीही करू नका. 'दोनच मिनिटं' म्हणून मुलाला किंवा वृद्धाला बंद गाडीत सोडून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंश सेल्सियसच्या आसपास चढतं, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

गाडीत बोलायचं काय? आजी-आजोबांना पुढची सीट देऊ नका. त्यांना मागे मुलांमध्ये बसवा. आमचा पूर्ण बेत यामुळे फळाला आला. बाबा मागे बसले, मांडीवर तो जुना नकाशा. मुलीने भोकातून बोट घातलं आणि विचारलं, "इथे काय होतं?" पुढचा दीड तास मी फक्त गाडी चालवली आणि ऐकलं. ते माझ्या लहानपणाचं सांगत होते, पण त्यांना विचारत होती ती.

८. पार्कच्या आत

दार उघडायच्या अर्धा तास आधी फाटकाशी असा. पहिल्या तासात रांगा सगळ्यात छोट्या असतात, आणि बहुतेक माणसं फाटकाजवळच्या पहिल्याच राईडला थांबतात. तुम्ही सरळ आत, सगळ्यात लांबच्या किंवा सगळ्यात गर्दीच्या राईडकडे जा आणि मागे येत या. जेवण सगळ्यांच्या आधी उरका.

एक मूल बसू शकतं आणि दुसरं नाही, असं असेल तर कर्मचाऱ्यांना आलटून-पालटून बसायच्या सोयीबद्दल विचारा. एक पालक बसतो, दुसरा धाकट्याला सांभाळतो, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल. अनेक मोठ्या पार्कमध्ये ही सोय असते, पण ती मागावी लागते.

आत शिरल्या शिरल्या प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढा. चुकामूक झालीच तर 'निळा की हिरवा शर्ट' हे घाबरलेल्या आईला आठवत नाही. मुलाच्या दंडावर आतल्या बाजूने फोन नंबर लिहा. हरवलात तर शोधत फिरू नका, आहात तिथे थांबा आणि पार्कचा गणवेश घातलेल्या माणसाला सांगा, हे मुलांकडून दोनदा म्हणून घ्या. गाडी लावलेल्या खांबाचा किंवा रांगेचा क्रमांकही फोटोत घ्या. तो बुटाचा किस्सा ऐकल्यापासून मी हे विसरत नाही.

दुपारी दोन तास काहीही ठरवू नका. सावलीत बसा. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असत की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली मेरी-गो-राउंडवर बसल्या असताना आपण बाकावर बसून राहायचो, आणि आई-वडील व मुलं एकत्र मजा करतील अशी जागा असावी हे तिथेच सुचलं. मोठ्यांनाही बरोबर बसता येईल अशी एखादी संथ राईड दुपारनंतरसाठी राखून ठेवा. आम्ही छोट्या आगगाडीत सहाही जण एका डब्यात बसलो. आई-बाबा एकमेकांना चिकटून बसले होते, कारण बाक मुलांच्या मापाचा होता.

आणि तुमच्या आठवणींचं ओझं मुलांवर टाकू नका. 'इथे पूर्वी किती छान होतं' हे एकदा म्हणा, दहादा नको. मुलांसमोर आज जे आहे तेच त्यांच्यासाठी पहिलं आहे.

९. शेवटचा तास जपा

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा साठ सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात ठेवायला सांगितलं. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद आणि वर आणखी तीस, पण त्या तिसांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कोणतं करायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट सोपा होता. माणूस अनुभव लक्षात ठेवतो तो त्याच्या टोकाच्या क्षणावरून आणि शेवटावरून.

आमचा पहिल्या खेपेचा शेवट म्हणजे बंद होण्याच्या घाईत धरलेली एक रांग, ती तुटल्यावरची चिडचिड आणि पार्किंगमधली वादावादी. म्हणून बंद व्हायच्या तासभर आधी नव्या रांगेत उभे राहू नका. प्रत्येकाला आवडलेली एक गोष्ट विचारा, जमेल ती पुन्हा करा, आणि सगळे थकून रडकुंडीला यायच्या आत बाहेर पडा. एखादी राईड राहून गेली तरी चालेल.

१०. परत आल्यावरचा पहिला आठवडा

फोटो दोन जागी उतरवा, त्यातली एक जागा घराबाहेरची. मग प्रत्येकाकडून, पुन्हा वेगवेगळं, पाच मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आई-बाबांचं सगळ्यात आधी.

आजकालची तिकिटं आणि पावत्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येतात. त्यांची अक्षरं उन्हात, उष्णतेत आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात उडून जातात, म्हणून त्याच आठवड्यात फोटो काढा. ती गरम लॅमिनेट करायला देऊ नका, पूर्ण कागद काळा पडतो. आमच्या पहिल्या सहलीची तिकिटं अशीच गेली.

छापलेल्या फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. मऊ पेन्सिल वापरा. कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत असेल तर पेन्सिल धरत नाही, तिथे नाव, जागा, तारीख लिफाफ्यावर लिहा.

जुना नकाशा आता आम्ही घडी न घालता सपाट ठेवला आहे. मुलीने भोकाच्या मापाचा कागद कापून त्यावर गावाचं नाव लिहिलं आणि खालून नुसता सरकवून ठेवला. तुमच्याकडेही असं काही फाटलेलं असेल तर सेलोटेप लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, डाग सोडते आणि मग कागदासकटच निघते.